एआरएम सर्व्हर: ग्रब दिसतो, पण कर्नल सुरू होताच सिरियल कन्सोल गप्प

प्रश्न
६४-बिट एआरएम सर्व्हर आहे, युईएफआय फर्मवेअरचा (मशीन सुरू करणारं अंगभूत सॉफ्टवेअर). डिस्प्लेचा पोर्टच नाही, जे दिसेल ते सिरियलवर. लॅपटॉपवर मिनिकॉम (सिरियल टर्मिनलचा प्रोग्राम), वेग ११५२००, ८एन१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट). फर्मवेअरचा मेनू आणि ग्रब (कर्नल लोड करणारा बूटलोडर) नीट दिसतात, बटणंही चालतात. डेबियनचा इन्स्टॉलर निवडला की 'एक्झिटिंग बूट सर्व्हिसेस' ही ओळ येते आणि पुढे शांतता. 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' देऊन पाहिलं, फरक नाही. मशीन अडकतंय की नुसतं दिसत नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर १
बहुतेक चालू आहे, फक्त दिसत नाही. त्या ओळीपर्यंतचा मजकूर फर्मवेअरमार्फत छापला जातो. फर्मवेअरच्या या बूट सर्व्हिसेस बंद झाल्या की युआर्ट, म्हणजे सिरियल पोर्टची चिप, कर्नलला स्वतः चालवावी लागते. टीटीवायएस० हे ८२५० जातीच्या युआर्टचं नाव. एआरएम सर्व्हरवर बरेचदा पीएल०११ जातीचा युआर्ट असतो आणि तो टीटीवायएएमए० म्हणून येतो. नसलेल्या पोर्टचं नाव दिलं तरी कर्नल तक्रार करत नाही.

ग्रबमध्ये त्या नोंदीवर 'ई' दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतून 'कन्सोल=' आणि 'क्वाएट' (मजकूर दडवणारा पर्याय) काढा, नुसतं 'अर्लीकॉन' (खरा ड्रायव्हर येईपर्यंतचा तात्पुरता कन्सोल) जोडा. युआर्टचा पत्ता देऊ नका, तो एसीपीआयच्या एसपीसीआर तक्त्यातून किंवा डिव्हाइस ट्रीतून घेतला जातो (फर्मवेअर कर्नलला हार्डवेअरची माहिती देतं त्या या दोन पद्धती). मग कंट्रोल-एक्स. एफ१० सिरियलवरून धड पोचेलच असं नाही.

प्रश्नकर्ता
मजकूर आला! पण 'बूटकन्सोल डिसेबल्ड' या ओळीनंतर पुन्हा थांबलं.

उत्तर २
म्हणजे अर्लीकॉनने आपलं काम केलं आणि पुढचा खरा कन्सोल मिळालाच नाही. 'कीप_बूटकॉन' जोडून पुन्हा बूट करा, आता अर्लीकॉन बंद होणार नाही. आलेल्या मजकुरात 'टीटीवाय' शोधा: ड्रायव्हरला युआर्ट सापडला असेल तर कोणत्या नावाने, ते तिथे असतं. तेच नाव द्या, उदा. 'कन्सोल=टीटीवायएएमए०,११५२००'. काम झालं की कीप_बूटकॉन काढा, नाहीतर प्रत्येक ओळ दोनदा दिसेल.

नावच आढळलं नाही, तर दोन शक्यता. फर्मवेअरने डिव्हाइस ट्री आणि एसीपीआय दोन्ही दिलं, तर कर्नल डिव्हाइस ट्री धरतो; ती अर्धवट असेल तर 'एसीपीआय=फोर्स' द्या. कर्नल स्वतः बांधलेला असेल, तर कन्सोलसाठी पीएल०११ चा ड्रायव्हर मॉड्यूल (नंतर लोड होणारा वेगळा भाग) म्हणून चालत नाही. तो कर्नलमध्येच बांधलेला लागतो.

प्रश्नकर्ता
टीटीवायएएमए० ने इन्स्टॉलर उघडला. हे इन्स्टॉल झालेल्या सिस्टीममध्ये टिकेल का?

उत्तर १
'कन्सोल=' हा पॅरामीटर ग्रबच्या 'लिनक्स' ओळीतल्या तीन डॅशच्या पुढे लिहा. डेबियनचा इन्स्टॉलर त्यापुढचं नव्या सिस्टीमच्या ग्रबमध्ये उतरवतो. राहून गेलं तर '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मधल्या 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स'मध्ये घाला आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. लॉगिनसाठी वेगळं काही नको, कर्नलच्या कन्सोलवर सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) स्वतः गेटी, म्हणजे लॉगिन विचारणारा प्रोग्राम, उभी करतो. एकापेक्षा जास्त 'कन्सोल=' दिलेत तर सिरियलचा सर्वांत शेवटी ठेवा. शेवटचा तोच '/डेव्ह/कन्सोल' होतो.

उत्तर २
आणि त्याच फाइलमधल्या 'ग्रब_टर्मिनल'ला हात लावू नका. बरेच जुने लेख तिथे 'सिरियल' लिहायला सांगतात. इथे ग्रबचा साधा 'कन्सोल' फर्मवेअरमार्फत सिरियलवरच जातोय. दोन्ही लावले तर अक्षरं दुहेरी उमटतील.