मदत हवी आहे : क्लॅरिओनेटच्या इतिहासावरची जुनी पुस्तकं पुण्यात कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

माझे वडील बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. त्यांचं काळं लाकडी वाद्य आता माझ्याकडे आहे. सांध्यावरचा बूच झिजलाय, तिथे त्यांनी मेण लावून गुंडाळलेला दोरा अजून तसाच आहे. चाव्यांची मांडणी मात्र आज सर्रास दिसणाऱ्या 'बोम' पद्धतीची नाही, आणि ती अशी का, हे मला समजून घ्यायचंय.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या डेनर या वाद्यकाराने १७०० च्या सुमारास शालुमो या जुन्या फुंकवाद्यापासून हे वाद्य घडवलं आणि १८४० च्या आसपास पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि वाद्यकार ब्यूफे या जोडीने चाव्यांची नवी रचना, म्हणजे हीच बोम पद्धत, आणली, एवढं ठाऊक आहे. मधल्या काळाबद्दल नीट वाचायचंय.

जेफ्री रेंडल यांचं १९५४ चं 'द क्लॅरिनेट' हवंय. अँथनी बेन्स यांचं वुडविंड (लाकडी फुंकवाद्यं) वाद्यांच्या इतिहासावरचं पुस्तकही चालेल. मुखपृष्ठ फाटकं असलं तरी हरकत नाही, पण आकृत्यांची पानं शाबूत हवीत. ऑनलाइन मागवलेली एक प्रत झेरॉक्सवरून छापलेली निघाली. चाव्यांच्या चित्रांच्या जागी नुसते काळे डाग. फार वाईट वाटलं.

अप्पा बळवंत चौक आणि डेक्कनचे फुटपाथ पालथे घातलेत. जुन्या बाजारात किंवा कॅम्पात इंग्रजी संगीताची पुस्तकं ठेवणारं कुणी माहीत आहे का? कुणाच्या घरी असा संग्रह निघणार असेल, तर रद्दीत घालण्याआधी कृपया मला कळवा. योग्य किंमत देईन, न्यायला स्वतः येईन.