मदत हवी आहे: आयपीएक्स नेटवर्क गेटवेमार्फत इंटरनेटला जोडताना अडचण

ऑफिसात अजून नेटवेअर ३.१२ (नॉव्हेलची जुनी सर्व्हर प्रणाली) चालू आहे. हिशेबाचा डॉसवरचा प्रोग्राम त्यावरच चालतो, त्यामुळे आयपीएक्स (नेटवेअरचा नेटवर्क प्रोटोकॉल) काढता येत नाही. (हसू नका, डेटा वीस वर्षांचा आहे.) प्रत्येक मशीनवर टीसीपी/आयपी (इंटरनेटचा प्रोटोकॉल) न टाकता मध्ये आयपीएक्स-आयपी गेटवे (दोन्ही प्रोटोकॉलमधला दुवा) बसवला, आयपी पत्ता फक्त त्यालाच. क्लायंटवर (म्हणजे ऑफिसातल्या मशीनवर) गेटवेची विनसॉक फाइल (विंडोजच्या प्रोग्रामना नेटवर्कशी जोडणारी) टाकली. बारापैकी चारच मशीनना गेटवे दिसतो, सर्व्हर मात्र सगळ्यांना दिसतो.

मला फ्रेम टाइपचा (नेटवर्कवर डेटा ज्या साच्यात पाठवतात त्याचा) संशय आहे. नेटवेअर ३.११ पर्यंत ८०२.३ डिफॉल्ट होता, ३.१२ पासून ८०२.२. आमच्या सर्व्हरवर दोन्ही बांधलेले आहेत, गेटवेवर बहुधा एकच. गेटवेवर दुसरा फ्रेम टाइप जोडू की क्लायंटच बदलू? दोन्ही ठेवले तर नेटवर्क नंबर वेगवेगळे द्यावे लागतात ना? कुणी केलं असेल तर सांगा, शनिवारीच मशीन बंद ठेवता येतात.