साठीनंतर व्यायामाने ग्रोथ हार्मोन वाढतं का?

सहकारनगरचे_आजोबा
वय ६३. रोज पहाटे नातवाबरोबर पुण्यातली पर्वती टेकडी चढतो. तो १५ वर्षांचा, कबड्डी खेळतो. १०३ पायऱ्या पळत वर जातो आणि मी अर्ध्यात असताना खाली येऊन भेटतो. त्याच्या जिममधल्या एकाने मला सांगितलं, "काका, साठीनंतर ग्रोथ हार्मोन संपलेलं असतं, इंजेक्शन घ्या." तेव्हापासून चैन नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघे धरून बसणारा मी आज न थांबता वर पोचतो, ते मग कशाने? आणि पळून नातवाची उंची वाढेल का?

फिजिओ_ताई
काका, संपत नाही, कमी होतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी ते दिवसभर थोडं थोडं, लाटांसारखं सोडते. सर्वांत मोठी लाट रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. वयात येताना प्रमाण सर्वाधिक, तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण १४ टक्के घट. धाप लागेल असा व्यायाम किमान १० मिनिटं केला की लाट उठते, पण तेवढ्याच कष्टाला नातवाची मोठी, तुमची लहान. पोट सुटलं असेल तर आणखी लहान.

तुमचे गुडघे मात्र मांड्या बळकट झाल्याने सावरले. ताण पडला की स्नायू स्वतःच वाढीला लागतो, त्या लाटेसाठी अडून राहत नाही. इंजेक्शन कृपा करून नको! कमतरता सिद्ध नसताना घेतलं तर अंगावर सूज, सांधेदुखी, वर रक्तातली साखर वाढते.

उंची आई-वडिलांकडून येते, शिवाय जेवण आणि झोप. हाडांच्या टोकांची वाढ थांबली की पळून वाढत नाही.

तळजाई_४४
मी हौसेने सकाळी रक्त तपासून घेतलं, जवळपास शून्य! घाबरलो. डॉक्टर म्हणाले, दोन लाटांच्या मध्ये रक्त घेतलं की असंच दिसतं, म्हणून आधी आयजीएफ-१ बघतात, म्हणजे ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा आणि रक्तात दिवसभर साधारण स्थिर राहणारा घटक.

सहकारनगरचे_आजोबा
फार धीर आला. इंजेक्शनला नाही म्हणून सांगितलं. नातवाचा मोबाइल आता रात्री साडेनऊला माझ्या उशाशी. पण ताई, माझी एक चढण पाच मिनिटांत संपते. दोनदा चढू?

फिजिओ_ताई
आधी बीपी दाखवून घ्या. मग चढा, उतरताना मात्र सावकाश.