डेल्फ्टची प्रत करताना: प्रतिबिंब मोजायचं की ओढायचं?

रेघोटी: सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या ‘डेल्फ्टचं दृश्य’ या शहरचित्राची (सुमारे १६६०-६१, ९६.५ × ११५.७ सेंमी) निम्म्या मापात प्रत करताना आपल्या पुण्यातली मंडळी घोटाळा करतात तो पाण्यात. वेशीचे दरवाजे, उजवीकडच्या हेरिंग मासेमारीच्या बोटी जीव लावून रंगवतात. प्रतिबिंब मात्र अंदाजाने खाली ओढतात. माझं म्हणणं, आधी मोजा. काठावरचा बुरूज पाण्याच्या रेषेच्या वर ६ सेंमी, तर खालीही ६ सेंमीवर खूण. उन्हातल्या नव्या चर्चच्या मनोऱ्याला हा हिशेब लावू नका. तो काठापासून दूर आहे, पुढच्या इमारतींच्या प्रतिबिंबाआड जातो. ‘व्हर्मीरनेही लांबवलंय’ ही सबब नको. रॉटरडॅम दरवाज्याच्या जोडमनोऱ्यांचं प्रतिबिंब त्याने नंतर खाली वाढवलं, हे क्ष-किरण तपासणीत दिसतं. ती रचनेची गरज होती.

पाणथळ: अजिबात पटलं नाही. तुमचा नियम आरशासारख्या पाण्याचा. खडकवासल्याला वारा पडलेला असताना समोरची टेकडी पाण्यात जेवढ्यास तेवढी दिसते. झुळूक आली की तीच आपल्या पायांकडे लांबते. लाटेची पलीकडे उतरणारी बाजू नजर खाली वळवते, म्हणून जिथे आकाश दिसायला हवं तिथेही टेकडीच दिसते. रुंदी फारशी वाढत नाही. डेल्फ्टच्या बंदरातलं पाणी असंच बारीक हललेलं आहे. मोजून थांबलात तर शहर काचेवर ठेवल्यासारखं दिसेल.

रेघोटी: लाटेचं मान्य, अहो. पण खूणच नसेल तर किती लांबवलं हे कळणार कसं? आणि खालची कड धारदार ठेवणं ही तर सर्रास चूक.

पाणथळ: कडेबद्दल एकमत. गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित उजळ, उजळ वस्तूचं किंचित गडद. रंग ओला असतानाच मऊ चपट्या ब्रशने उभं खाली ओढा, मग एकदाच हलका आडवा हात. तीनदा फिरवलात की पांढरा रंग अंबरमध्ये (मातकट तपकिरी रंगात) मिसळून राखाडी चिखल होतो.

तैलरंगी: दोघांचंही छपरांकडे दुर्लक्ष झालंय. डावीकडच्या लाल कौलांवरचा रंग खडबडीत, दाणेदार आहे. त्यामुळेच पाणी गुळगुळीत भासतं. सगळीकडे सारखाच थर दिलात, तर प्रतिबिंब कितीही बरोबर मोजा, पाणी ओलं दिसणार नाही.

रेघोटी: हे पटलं. खुणा मात्र मी पेन्सिलीने करणारच. ओढायचं ते त्यांच्या खाली, साधारण बोटभर.