एका चॅनलवर चार स्पीकर: आधी ओहम मोजा

गाडीतल्या ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) एकाच चॅनलला, म्हणजे एकाच आउटपुटला, 4 ओहमचे चार स्पीकर पॅरलल (सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र) जोडू का, असं एकाने विचारलंय. दादा, तसं करू नका. रोध (ओहममध्ये मोजतात) थेट 1 ओहमवर येईल, आणि रोध जितका कमी तितका ॲम्पवर ताण जास्त. गाडीतले बहुतेक ॲम्प चॅनलमागे कमीत कमी 2 ओहमपर्यंत सोसतात, ब्रिज केलं (दोन चॅनल मिळून एक केले) तर 4 पर्यंतच.

मी हीच चूक केली होती. साताऱ्याहून कासला निघालो, यवतेश्वरचा घाट चढताना आवाज गप्प. सीटखालच्या ॲम्पला हात लाववेना, इतका तापलेला. नशीब, प्रोटेक्शनमध्ये गेला होता, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडला होता, जळला नव्हता.

दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये घ्या: पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला. जोडी 8 ओहमची होते. मग दोन्ही जोड्या पॅरलल करा, पुन्हा 4 ओहम. चारही स्पीकर एकाच मॉडेलचे हवेत, नाहीतर एक ओरडतो आणि दुसरा कुजबुजतो.

ॲम्पला वायर लावण्याआधी टोकांवर मल्टिमीटर धराच. 4 ओहमची जोडणी मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दिसते, घाबरू नका. एकच्या जवळ दिसलं तर मात्र सगळं सोडून पुन्हा जोडा.