पन्हाळ्याच्या आकाशदर्शनात न दिसणारे चंद्र कशाला?

तिकटीवाला: पुढच्या आकाशदर्शनात गुरूला पाऊण तास, आणि त्यातली वीस मिनिटं म्हणे ‘अनियमित चंद्रां’वर, म्हणजे त्याच्या लांबच्या, वाकड्यातिकड्या कक्षांच्या चंद्रांवर बोलायचं. माझा विरोध. हिमालिया त्यातला सगळ्यात मोठा, तोही १४.६ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितकं अंधुक). आपल्या ८ इंची दुर्बिणीतून दिसणार नाही. बाकीचे बहुतेक एक-दोन किलोमीटरचे दगड. थंडीत कुडकुडत आलेल्या पोरांना गुरूचे पट्टे दाखवा, चार मोठे चंद्र दाखवा. व्याख्यान काय, यूट्यूबवर आहे की.

उलटा_फेरा: ते चार मोठे चंद्र गुरूभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत जन्मले, म्हणून विषुववृत्ताच्या पातळीत, एका दिशेनं, जवळपास गोल फिरतात. हे लांबचे कललेल्या, लंबगोल कक्षांत, आणि बहुतेक वक्री, म्हणजे गुरूच्या फिरण्याच्या उलट दिशेनं. म्हणजे बाहेरून आलेले. सूर्यमालेच्या सुरुवातीच्या धामधुमीचा एवढा पुरावा दुसरीकडे कुठं मिळणार?

बावडेकर: ‘पकडले’ म्हणून मोकळं होऊ नका. बाहेरचा दगड ज्या वेगानं येतो त्याच वेगानं निघूनही जातो. थांबायला त्याची ऊर्जा कुठंतरी खर्च व्हायला पाहिजे. वायूच्या घर्षणानं, की महाग्रह एकमेकांजवळून गेले तेव्हाच्या ओढाताणीत? निकाल लागलेला नाही. तिकटीवाल्यांशी सहमत, अर्धवट सांगू नका.

उलटा_फेरा: पकडीचा निकाल नसेल, पण कक्षा का टिकतात ते माहीत आहे. गुरूच्या गुरुत्वाची सत्ता साधारण ५ कोटी किमीपर्यंत, त्यापुढं सूर्य. सुलट फिरणारा त्याच्या जेमतेम निम्म्यापर्यंत टिकतो, वक्री बराच पुढपर्यंत. आणि उभ्या कललेल्या कक्षा जवळपास नाहीतच! सूर्याची ओढ त्या ताणत नेते, मग चंद्र आत येऊन मोठ्या चंद्रांच्या वाटेत सापडतो, नाहीतर बाहेर निसटतो. वर २०१८ साली जाहीर झालेला व्हॅलेटुडो बघा. जेमतेम किलोमीटरभराचा, सुलट, आणि वक्री चंद्रांच्या वाटा ओलांडत फिरतोय. रंकाळा तलावाला सगळे उलटी फेरी मारताहेत आणि हा एकटा सुलटा. कधीतरी टक्कर ठरलेली. कार्मे या वक्री चंद्राचा गट अशाच एखाद्या फुटीतून आला असणार, त्यातल्या सगळ्यांच्या कक्षा एकमेकींना चिकटून आहेत.

तिकटीवाला: पटलं तरी दाखवणार काय? काळोख?

मसाई_पठार: दुर्बीण लागतच नाही. गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना हात लांब करून त्याच्या शेजारी अंगठा धरायचा. रुंदी साधारण २ अंश, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र. कार्मे गुरूपासून सरासरी २.३ कोटी किमीवर आहे, म्हणजे आकाशात जवळपास तेवढंच अंतर. मग दुर्बिणीतून चार मोठ्यांतला सगळ्यात बाहेरचा कॅलिस्टो दाखवा, तो याच्या बाराव्या हिश्श्यावर. दोन मिनिटांत पोरांना गुरूचा पसारा कळतो.

तिकटीवाला: अंगठाच धरायचा तर पन्हाळ्याची गाडी कशाला भरायची, रंकाळ्यावर धरा. वीस मिनिटं नाही. पाच.

उलटा_फेरा: दहा. आणि फीबीची, म्हणजे शनीच्या अशाच एका वक्री चंद्राची, दोन वाक्यं मध्येच घुसडणार, आत्ताच सांगून ठेवतो.