मदत हवी आहे: मिनियापोलिसच्या थंडीत टिकेल असा डेक

मंडळी, घरामागे डेक (फळ्यांचा उघडा ओटा) बांधायचाय. इथे फ्रॉस्ट डेप्थ (हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते ती खोली) ४२ इंच धरतात, फुटिंग (खांबाचा पाया) त्याच्या खाली नाही गेलं तर जमीन गोठून फुगते आणि खांबच वर उचलले जातात, म्हणून काँट्रॅक्टर हेलिकल पाइल्स (स्क्रूसारखे जमिनीत फिरवून घालायचे स्टीलचे खांब) घाला म्हणतोय, कुणी घातलेत का, काँक्रीटपेक्षा खरंच बरे पडतात का?

शेजाऱ्यांच्या डेकला लेजर बोर्डवर (डेक घराच्या भिंतीला जोडणारी फळी) फ्लॅशिंगच (पाणी आत जाऊ न देणारी पट्टी) नव्हतं, बर्फाचं पाणी आत मुरून लाकूड इतकं कुजलंय की बोट रुततं, आपलं तसं व्हायला नको.

फळ्या कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) घ्याव्यात की प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडाच्या)? आई-बाबा नोव्हेंबरपर्यंत इथे असतात, आईला सकाळचा चहा बाहेरच लागतो, त्यामुळे दवाने-बर्फाने कमी घसरणारं काय ते अनुभवावरून सांगा प्लीज.